आवेगाआधीची तजवीज
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे पुस्तकांची देवघेव करणाऱ्या या वास्तूत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. विषय मुद्दामच नित्याच्या जगण्यातला निवडला आहे. रागाच्या भरात तोंडून गेलेला शब्द, मोहाच्या क्षणी केलेली खरेदी, मागचापुढचा विचार न करता दिलेला राजीनामा, या गोष्टी आपणांपैकी कोणालाच परक्या नाहीत. मनाच्या या उसळीला आपण आवेग म्हणू.

आवेगाची एक प्रसिद्ध कथा आपल्या बुऱ्हाणपूरच्या दारातच घडली आहे. तापीच्या पलीकडच्या काठावर जैनाबाद आहे आणि तेथे आहूखान्याची बाग. 17 जून 1631 रोजी मुमताजमहल बुऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा तिला प्रथम याच बागेत दफन करण्यात आले. सुमारे सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. तिच्या मृत्यूच्या वेळी तिचा मुलगा औरंगजेब बारा वर्षांचा होता. पुढे 1653 साली, दख्खनचा सुभेदार म्हणून जाताना, तोच औरंगजेब काही महिने बुऱ्हाणपुरात राहिला. ‘मासिर-उल-उमरा’ या अठराव्या शतकातील ग्रंथात असे सांगितले आहे की, एके दिवशी तो आहूखान्यात गेला असता त्याच्या मावशीच्या परिवारातील हीराबाई नावाच्या गायिकेने शहजाद्याची भीडभाड न बाळगता उडी मारून झाडाचा आंबा तोडला, आणि तो तिच्यावर भाळला. मावशीची मनधरणी करून त्याने तिला मागून घेतले. जैनाबादी या नावानेच ती इतिहासात ओळखली जाते. पुढे एकदा तिने त्याच्या हाती मद्याचा प्याला दिला. मद्य वर्ज्य मानणारा तो शहजादा प्रथम विनवण्या करू लागला, आणि अखेर प्याला ओठांशी नेऊ लागला. त्या क्षणी तिनेच तो हिसकावून घेतला. तिला केवळ त्याच्या प्रेमाची परीक्षा पाहायची होती.

हा वृत्तांत घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिला गेला. त्यातील प्रत्येक तपशील अक्षरशः घडला, असा माझा आग्रह नाही. तरीही आवेगाचे दोन धर्म त्यात स्वच्छ दिसतात.

पहिला धर्म असा की, आवेग अकस्मात आल्यासारखा वाटतो, पण त्याची जमीन आधीच तयार झालेली असते. 1649 आणि 1652 अशा दोन मोहिमांत कंदाहार घेण्यात औरंगजेब अयशस्वी ठरला होता आणि पित्याची नाराजी त्याने ओढवून घेतली होती. दुखावलेले मन घेऊन तो त्या बागेत आला, जेथे त्याची आई काही काळ पुरलेली होती. या दोन गोष्टींचा संबंध मी माझ्या तर्काने जोडतो आहे, हे मान्य करतो. पण आपलाही अनुभव काय सांगतो? भूक, जागरण, अपमान आणि एकटेपणा यांपैकी एखादे तरी कारण आपल्या बहुतेक उतावळ्या कृत्यांच्या मुळाशी सापडते.

दुसरा धर्म अधिक महत्त्वाचा. कडक शिस्तीबद्दल ख्यात असलेल्या त्या पुरुषाला ऐन क्षणी स्वतःचा निश्चय उपयोगी पडला नाही. उपयोगी पडला तो शेजारच्या माणसाचा हात. याचा अर्थ, संयम ही केवळ एकट्याच्या मनगटाची ताकद नव्हे.

आधुनिक मानसशास्त्रही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून लहान मुलांवर प्रयोग केले. मुलासमोर मिठाई ठेवायची आणि सांगायचे, ‘मी परत येईपर्यंत थांबलास, तर दोन मिळतील.’ जी मुले थांबू शकली, ती दातओठ खाऊन थांबली नाहीत. त्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली, गाणी म्हटली. मोहाशी झुंजण्याऐवजी त्याला नजरेआड केले. 2013 साली रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी या प्रयोगाला एक जोड दिली. ज्या मुलांना मोठ्या माणसाने आधीचा शब्द पाळून दाखवला होता, ती सरासरी सुमारे 12 मिनिटे थांबली. ज्यांची आधी फसवणूक झाली होती, ती जेमतेम 3 मिनिटे. शब्द पाळणाऱ्यांच्या घरात मुलांना धीर धरणे सोपे जाते, हे आईवडिलांनी लक्षात ठेवावे.

आता माझी एक चूक सांगतो. मी शिक्षक होतो. एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी उशिरा आला, तेव्हा संतापून, काहीही न विचारता मी त्याला सर्व वर्गादेखत घालवून दिले. तो पुन्हा शाळेत आला नाही. यंत्रमागावर रात्रभर कांड्या भरून तो सकाळी थेट शाळेत येत असे, हे मला महिन्याभराने कळले. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी मला बसायला खाट दिली, पाणी दिले, आणि म्हणाले, “गुरुजी, आता तो कामाला लागला.” त्या पाण्याचा घोट आजही गळ्याशी अडतो.

‘यापुढे रागावणार नाही’ अशी शपथ मी घेतली, आणि ती आठ दिवसांत मोडली. मग एक साधा नियम केला: उशिरा आलेल्याला आधी बसू द्यायचे, कारण तास संपल्यावर विचारायचे. हा नियम निवृत्तीपर्यंत टिकला. ‘असे घडले, तर मी असे करीन’ हे आधीच ठरवून ठेवल्याने निश्चय तडीस जाण्याची शक्यता वाढते, असे पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली दाखवून दिल्याचे पुढे वाचनात आले. राग आला की बुद्धी सल्ला द्यायला जागेवर नसते. तिचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा लागतो.

घरातही अशी तजवीज करता येते. रागाचे पत्र रात्री लिहावे, पण सकाळी वाचूनच टाकावे. मोबाईलवरच्या संदेशाला तर हा नियम अधिकच लागू आहे. मोठी खरेदी दोन दिवस लांबवावी आणि घरात एकाला तरी विचारावी. आपला प्याला हिसकावून घेण्याचा अधिकार कोणाला तरी आनंदाने देऊन ठेवावा. आणि आवेग वारंवार अनावर होत असतील, स्वतःला वा इतरांना इजा होण्याची भीती वाटत असेल, तर तो स्वभावदोष समजून लपवू नये. वैद्यकीय मदत घ्यावी. भारत सरकारने 2022 साली सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

शेवटी या ग्रंथालयाविषयी. येथे हवे असलेले पुस्तक दुसऱ्याकडे गेलेले असले, की आपण नाव नोंदवतो आणि वाट पाहतो. ते परत येईल, हा विश्वास असतो, म्हणूनच वाट पाहवते. शंभर वर्षे या संस्थेने आपला हा शब्द पाळला आहे. त्या मुलाला वाट पाहायला लावील असा शब्द मी देऊ शकलो नाही. आपल्या हाताखाली मुले असतील, तर आपण तो द्यावा, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.