स्वस्त ताट आणि शेजारचा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



महानगरात नव्याने आलेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात : भाकरी आणि ओळख. भाकरीचा हिशेब अर्थशास्त्र मांडते. ओळखीचा कोणी मांडत नाही. मुंबईत मात्र या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ एकाच ठिकाणी मिळत आल्या. ते ठिकाण म्हणजे स्वस्त जेवणाची पंगत.

गिरणगावातील खानावळ हे तिचे ठळक उदाहरण. कोकणातून वा घाटावरून एकटा आलेला कामगार दाटीवाटीच्या खोलीत पथारी टाकी आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवी. पगार होईपर्यंत त्याचे ताट उधारीवर चाले. त्या उधारीचा भार खानावळवालीवर पडे व ती सावकाराचे जबर व्याज भरी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वस्त ताटामागे कोणाचे तरी स्वस्त श्रम असतात, हे आपण विसरता कामा नये.

तथापि, पंगत आपोआप समतेची होते असे मानण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसांतच जेवण्याची ओढ शहरातही सुटत नाही. ती बुद्धिपुरस्सर मोडावी लागली. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद परधर्मीयाच्या हातचा पाव खात, पण गुप्तपणे. पुढे अनंत हरी गद्रे यांनी स्पृश्यास्पृश्यांची सहभोजने उघडपणे घडवून आणली, तीही पक्वान्नांची नव्हेत, तर झुणका-भाकरीची. इराण्याच्या हॉटेलात तर एका चहाच्या किमतीत कोणीही कोणाच्याही समोर बसू शके.

आज काय दिसते? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. खानावळीचे गिऱ्हाईकही गेले आणि जागाही. इराणी हॉटेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. स्वस्त अन्न आजही मिळते. परंतु वडापाव उभ्याने खावा लागतो आणि डबा खोलीवर एकट्याने उघडावा लागतो. मोबाईलवर मागवलेले जेवण पोचविणारा तरुण हॉटेलबाहेर फुटपाथवर ताटकळत असतो. आतली खुर्ची त्याच्यासाठी नसते. कारण उघड आहे. जमीन महागली की ताटातील सर्वांत महाग पदार्थ ठरतो तो ‘बसू देणे’ हा.

राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. भुकेच्या दृष्टीने ते योग्यच पाऊल होते. मात्र शासन अनुदान ताटाला देऊ शकते, शेजारच्या माणसाशी होणाऱ्या बोलण्याला नाही. ते काम आपले आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीत महिन्यातून एकदा वर्गणीचे जेवण ठेवा. प्रत्येकाने आपला वाटा द्यावा, म्हणजे कोणी कोणाचा मिंधा राहणार नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना पूर्ण मोबदला द्या. भाषण नको, पावतीपुस्तक नको. नियम एकच : ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या शेजारी बसायचे. आणि त्यासाठी महापालिकेच्या सभागृहांची जागा नाममात्र भाड्याने मागा. जागेचा प्रश्न सुटल्यावाचून पंगत टिकणार नाही.