नाल्याकाठचा वसंत

आजचा भाग छोटा आहे, ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकून संपेल एवढा.

मार्च संपत आला की माझ्या फोनवर जपानचे रील्स सुरू होतात. क्योटोमध्ये दोनेक किलोमीटरची एक वाट आहे, ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’. बाजूने छोटा कालवा, काठाने साकुरा, पाण्यावर गुलाबी पाकळ्या. निशिदा किटारो नावाचे तत्त्वज्ञ तिथे चालायला जायचे, म्हणून हे नाव. गंमत म्हणजे हा कालवा फिरण्यासाठी बांधलाच नव्हता. बिवा तलावाचं पाणी शहरात आणणारा मोठा कालवा १८९० मध्ये पूर्ण झाला, त्याची ही शाखा. साकुरा नंतर लागला.

यंदा जायचंच होतं. पण साठवलेले पैसे घराच्या डिपॉझिटमध्ये गेले. मी तोंड पाडून बसलेली, तर आई म्हणाली, “अगं, फोनमध्ये कसली फुलं बघतेस? खाली चल.”

खाली म्हणजे वाशीत, आमच्या सोसायटीमागच्या नाल्याकाठी. हो, नाला! वास येतो, कबूल. पण त्या सकाळी सोनमोहराच्या पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. पुढे एक जांभळं झाड. दोन वर्षं मी त्याच्याखाली स्कूटर लावतेय, नाव माहीत नाही. आई म्हणाली, “तामण गं! आमच्याकडे वहाळाच्या काठाला असतो.” तामण म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल. बीटेक झालेय मी, पण हे माहीत नव्हतं.

मग नाल्याचंही जरा वाचलं. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतचा, सखल. भरतीला समुद्र आपल्यापेक्षा वर असतो. म्हणून सिडकोने धारण तलाव केले. नाल्यांचं पाणी तिथे थांबतं. तोंडाशी झडपा असतात. भरतीच्या दाबाने त्या बंद होतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. अगदी डायोडसारखं, एकाच दिशेने. पण नाल्यात गाळ आणि प्लास्टिक साचलं, की जुलैत भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आल्यावर पाणी घरात.

आता खरी गोष्ट सांगते. फेब्रुवारीत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: झाडं काढा, नाला झाकायला सांगा, वर पार्किंग होईल. आणि मी त्यावर थम्सअप दिला होता! वाचलंही नव्हतं नीट. झाकलेल्या नाल्यातला गाळ काढायला माणूस उतरणार कसा? झाडं तोडायला तर परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदाच आहे.

काल मी ग्रुपवर लिहिलं, “माझा होकार मागे घेतेय.” दोघांनी साथ दिली, एका काकांनी विचारलं, “मग गाडी तुझ्या डोक्यावर लावू का?” रविवारी मीटिंग आहे. काय होईल माहीत नाही, पण मी जाणार. आईपण येतेय.

तुमच्या घरामागे नाला असेल तर एकदा काठाने चालून या. एका तरी झाडाचं नाव घरच्यांना विचारा, मला कळवा. भेटू पुढच्या भागात!