आधी परीक्षण, मग पाया



कोकणातल्या एखाद्या गावाला मासेमारीचा खचलेला धक्का नव्याने बांधायचा झाला, तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, परवानगी लागते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत वर्षाला १०,००० टन किंवा त्याहून जास्त मासळी उतरणारी बंदरे येतात; त्याखालचा लहान धक्का तिथून सुटतो, पण किनाऱ्याच्या नियमांतून सुटत नाही. आपल्या वैनगंगेवर, प्राणहितेवर ढिवर बांधव जिथे डोंगा लावतात, त्या घाटाला मात्र यातले काहीच लागू नाही. भरतीचे पाणी इथवर येत नाही आणि मासळी टोपलीने मोजली जाते. तो घाट उद्या पाण्याखाली गेला तर कोणत्या कागदावर त्याची नोंद होणार?

मोठ्या बंधाऱ्याला मंजुरी लागते, पण ती घेतली कधी जाते? सिरोंच्याकडे पाहा. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि संगमाच्या खाली तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा आहे. पायाभरणी मे २०१६ ची. महाराष्ट्राशी करार त्याच वर्षी २३ ऑगस्टला झाला. पर्यावरण मंजुरी मिळाली डिसेंबर २०१७ मध्ये! ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नेमके यावरच बोट ठेवले: बरेच काम उरकल्यावर घेतलेली ही मंजुरी कायद्याला धरून नाही. पण बंधाऱ्याचे उद्घाटन जून २०१९ मध्येच झाले होते. मागे फिरण्याची वेळ निघून गेली होती. झालेले नुकसान मोजायला समिती नेमणे एवढेच हाती उरले. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याच बंधाऱ्याचे खांब खचले.

पर्यावरणावरील परिणामांचे परीक्षण आधी झाले तर जागा बदलता येते, उंची कमी करता येते, माशांना वाट ठेवता येते. नंतर केलेल्या परीक्षणात यातले एकही घडत नाही, म्हणून मी त्याला परीक्षण मानत नाही.

वाटेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गोदावरीतल्या झिंग्याची पिल्ले मुखाजवळच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला पहिली भिंत १८५२ च्या सुमारास उभी राहिली. त्यानंतरच्या प्रत्येक बंधाऱ्याचा अहवाल आपापल्या भिंतीपुरता लिहिला जातो. झिंग्याला मात्र त्या सगळ्याच ओलांडाव्या लागतात. म्हणून परीक्षण अख्ख्या खोऱ्याचे हवे, एकेका बांधकामाचे नको.

आणि विचारायचे कोणाला? जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते, परीक्षण अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. सिरोंच्यात घरोघरी तेलुगू बोलतात, भामरागडात माडिया. सारांश त्या भाषांत निघावा, घाटावर मोठ्याने वाचला जावा. कोणत्या डोहात मासा विणीला येतो, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते, हे ढिवरांकडून उतरवून घ्यावे आणि ते पान अहवालाला जोडल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी सुनावणीच घेऊ नये.