नडीचा पैसा आणि रानाचा माल
(शाळेत जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



आज मी आदिवासी बायांच्या बचतगटांविषयी बोलणार आहे. आपण म्हणाल, डोंगरातल्या कातकऱ्यांच्या नि गोंडांच्या गोष्टी आम्हां कुणब्या-सुतारांना कशाला? तर ज्या फासात त्यांची मान अडकली आहे, त्यातच आपलीही आहे, म्हणून.

तो फास कसा, ते पहा. मोहफुले चैत्रात पडतात. घरात पैसा नसतो, म्हणून ती वाळताच मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याकडे जातात, आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने परत घ्यावी लागतात. कोकणात कातकरी पावसाळ्याच्या उपासमारीत वीटभट्टीवाल्याची उचल घेतो आणि ती फेडण्यास दिवाळीनंतर पोराबाळांसह भट्टीवर जातो. पोरांची शाळा तेथेच सुटते. हा मनुष्य आळशी आहे काय? मुळीच नाही. श्रावण-भाद्रपदात हाती चार रुपये नसतात, म्हणून त्याची मेहनत आगाऊच विकली जाते.

बचतगट नेमका येथे कामी येतो. दहा ते वीस बाया एकत्र जमतात. समजा, बारा जणींनी दरमहा ५० रुपये टाकले, तर वर्षाला ७,२०० रुपये होतात. नडीला त्यातून कर्ज मिळते, आणि व्याज सावकाराच्या घरी न जाता गटाच्याच पेटीत पडते. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकांना जोडण्यास आरंभ केला. तेव्हापासून गहाण टाकण्यास काही नसलेल्या बाईलाही गटाच्या भरवशावर बँकेचे कर्ज मिळू लागले.

पण ज्या रानातून माल येतो, त्यावर हक्क नसेल तर पेटीत टाकायचे काय? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गोंडांच्या गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती! गाव हटले नाही. २०११ साली परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि गावाने आपला बांबू आपण विकला. हे बळ एका दिवसाचे नव्हे. तेथे वर्षानुवर्षे अभ्यासगट बसून कायदा समजून घेत होता.

आता एक इशारा. गटाची वही एकच कारभारी लिहील आणि बाया नुसता अंगठा उठवतील, तर जुना सावकार उठून त्याच्या गादीवर नवा बसला, एवढेच होईल. हल्ली गटाचे नाव पुढे करून आठवड्याच्या हप्त्याने कर्ज वाटणारेही दारी येतात. त्यांच्या गटात हमी आपली आणि व्याज मात्र त्यांचे! म्हणून आपली जमा, आपले कर्ज व आपले व्याज प्रत्येकीला स्वतः वाचता आले पाहिजे.

मोहफुले वेचणारी बाई जर हे करू शकते, तर आपण का नाही? सुगीत खळ्यावरच माल विकण्याची पाळी आपल्यावरही येतेच ना? शाळेची खोली संध्याकाळी मोकळी असते. गट काढा, वही कशी लिहावी व कशी तपासावी, ते शिकवायला मी बसतो.