हृदयविकारानंतरचा व्यायाम आणि मनगटावरचा पहारा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



घरातील कर्ता पुरुष हृदयविकाराच्या झटक्यातून बरा होऊन परतला की सारे घर त्यास जपू लागते. पाण्याचा पेलाही जागेवर आणून दिला जातो. गृहिणी मात्र त्याच दुखण्यातून उठली तर आठवड्याच्या आत चुलीपुढे उभी राहते. ह्या दोन्ही रीती चुकीच्या आहेत, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

पूर्वी वैद्यकशास्त्रही अशा रोग्यास कित्येक आठवडे निजवून ठेवी. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. लेव्हाइन व डॉ. लाउन यांनी त्यास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला आणि हळूहळू मत पालटले. आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम हा औषधाइतकाच उपचाराचा भाग मानला जातो.

अडचण आहे ती देखरेखीची. त्यासाठी रोज इस्पितळात जाणे कोणास परवडणार? येथे यंत्रे साहाय्यास येतात. हॉलंडमधील आइन्थोव्हेन यांचे हृदयालेखन यंत्र इतके अवजड होते की ते रोग्याकडे नेणे अशक्य. म्हणून १९०५ च्या सुमारास त्यांनी इस्पितळातील रोग्याचा हृदयालेख दूरध्वनीच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणविला. पुढे अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा हृदयालेख टिपला, पण त्यासाठी पाठीवर सुमारे ३८ किलोचे ओझे वाहावे लागले. आज तेच काम छातीवरचा पट्टा करतो. मनगटावरचे घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्तप्रवाहाच्या चढउतारावरून ठोके मोजते, आणि मोबाइल ते आकडे दूरच्या डॉक्टरांस पोहोचवितो.

तथापि आकड्यांवर अंधविश्वास नको. घड्याळ ढिले असले किंवा हात जोराने हलला तर मोजणी चुकते. व्यायामात छातीवरचा पट्टा अधिक भरवशाचा. २२० तून वय वजा करण्याचा प्रचलित हिशेब बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यास लागू पडत नाही. त्याची मर्यादा डॉक्टरांनीच आखून द्यावी. एक साधी खूण मात्र यंत्रावाचून सांपडते: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये.

शिवाय पाठविलेले आकडे कोण पाहणार व केव्हा, हे आधीच विचारून घ्यावे. कोणी पाहतच नसेल तर तो पहारा नव्हे, केवळ समजूत होय. घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत कळ, घाम किंवा धाप लागल्यास आकडा न पाहता तत्काळ थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्ञातिबांधवहो, आजाऱ्याच्या समाचारास जाण्याची आपली रीत चांगली आहे. तीत आम्ही एवढीच भर सुचवितो: फळांची पिशवी ठेवून खुर्चीत बसू नका. डॉक्टरांनी अनुमती दिली असेल तर त्या बंधूस, त्या भगिनीस सोबत घेऊन कोपऱ्यापर्यंत चालून या. यंत्र ठोके मोजील. भीती घालविण्यास मात्र माणूसच लागतो.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.