पत आपली, किल्ली कुणाच्या हाती?

(जवाहरनगर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



दारूगोळा कारखान्याच्या या वसाहतीत मी कुलपाचे महत्त्व सांगावे, हे विचित्रच. येथे पास दाखवल्यावाचून फाटकातून आत जाता येत नाही. आपल्या नावावर कर्ज काढणाऱ्याला मात्र कोणत्याच फाटकावर अडवले जात नाही.

पुतण्याच्या शैक्षणिक कर्जाला जामीन राहण्यासाठी मी बँकेत गेलो होतो. अधिकारी संकोचून म्हणाले, ‘‘सर, आपले एक कर्ज थकलेले दिसते.’’ रक्कम अठरा हजारांची. माझ्या पॅन क्रमांकावर कुणीतरी मोबाइलवरून ती उचलली होती. सिमकार्ड, लॉज, भाडेकरार अशा किती ठिकाणी मी छायाप्रती दिल्या, याचा हिशेब आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवूनही मला लागेना. ती नोंद पुसली जाईपर्यंत पुतण्याच्या प्रवेशाची मुदत टळून गेली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरांवर होता. अंगठा कशावर उमटवला, हे निरक्षर कुळाला कळत नसे. म्हणून कर्जरोखेच जाळले गेले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने असे दस्त ग्रामनिबंधकासमोर करण्याची अट घातली. ऋणकोची संमती त्रयस्थाने प्रत्यक्ष पाहावी, हे त्यातील तत्त्व. आजच्या कर्जव्यवहारात तेच हरवले आहे.

आज आपल्या पतेचे दप्तर चार पतमाहिती कंपन्यांकडे असते: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कर्ज देणारा त्यांच्याकडे विचारणा करतो व अहवाल पाहून निर्णय घेतो. हे दप्तरच मालकाने गोठवून ठेवले, तर नव्या धनकोला अहवाल मिळत नाही आणि भामट्याचा अर्ज तेथेच अडतो. स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा मालक ते उघडतो. अमेरिकेत २०१७ साली इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. त्यानंतर २०१८ च्या कायद्याने २१ सप्टेंबरपासून ही सोय देशभर विनामूल्य झाली. भांडवलशाहीच्या माहेरघरी जो हक्क नागरिकाला मिळाला, तो आपल्या २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यात नाही. तो मिळावा, ही आपली मागणी असली पाहिजे.

यामुळे गरिबाला झटपट कर्ज मिळणार नाही, असा आक्षेप येईल. दख्खन कायद्यावरही तो घेतला गेला होता, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. पण येथे किल्ली ऋणकोच्याच खिशात राहते. खरी उणीव निराळी आहे. जो धनको अहवाल मागवतच नाही, त्याला हे कुलूप अडवू शकत नाही. बेकायदा कर्ज-ॲपांचा बंदोबस्त सरकारनेच करायला हवा.

तोवर हाती काय आहे? प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चौघींकडून एकदम न मागता तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवावा. चुकीची नोंद दिसल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. आधारच्या ठशांनाही कुलूप घालता येते. मात्र ते घातल्यावर रेशन दुकानातील यंत्र अंगठा स्वीकारीत नाही. म्हाताऱ्या आईचे कुलूप लावाल, तर ते तात्पुरते उघडण्याची जबाबदारीही घ्या.

पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावी वाटले गेले. पुढे मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने छायाप्रती वाटू नका, शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्या, असा इशारा दिला. गैरसमज होईल म्हणून केंद्राने दोन दिवसांत तो मागे घेतला! सल्ला मला तरी योग्यच वाटला.

बैठकीनंतर मी येथेच बसणार आहे. ज्यांना अहवाल मागवायचा आहे, त्यांनी पॅन कार्ड व मोबाइल घेऊन यावे. छायाप्रती आणू नयेत.