धर्मपित्याचें उरलेलें काम
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व युवक यांच्या सभेंत दिलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त वयांत येणाऱ्या मुलामुलींविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. या विषयावर पालकांस उपदेश करणारीं भाषणें पुष्कळ होतात, आणि पालक तीं निमूटपणें ऐकूनही घेतात. यास्तव आज पालकांस थोडी सुट्टी देऊन आम्ही दुसऱ्याच मंडळीकडे वळणार आहों. कोणाच्या तरी लेकरासाठीं बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या वेळीं उभे राहिलेले पुष्कळ जण या सभेंत बसले आहेत. आमचें बोलणें त्या धर्मपित्यांशीं व धर्ममातांशीं आहे. वक्ता स्वतः त्यांतल्या कसूरदारांपैकीं एक आहे, हें आधींच सांगून टाकतों.

या बाबतींत धर्मसभेचा नियम मोठा मार्मिक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें धर्मपिता सामान्यतः १६ वर्षें पूर्ण झालेला असावा, त्याचें स्वतःचें दृढीकरण झालेलें असावें, आणि मुलाच्या जन्मदात्या आईबापांपैकीं कोणासही हें पद घेतां येऊं नये. बाप्तिस्म्यास जो उभा राहिला तोच दृढीकरणासही उभा राहणें इष्ट, असेंही तींत म्हटलें आहे. म्हणजे पाळण्यांतल्या मुलाशीं जोडलेला संबंध तें मूल मोठें होईपर्यंत टिकावा, अशी अपेक्षा दिसते. आईबापांस वगळण्यांत त्यांचा अनादर नाहीं. मुलाचें आईबापांवर प्रेम असतें, त्यांस दुःख होईल ही भीति असते, आणि म्हणूनच पंधरासोळा वर्षांच्या वयांत कांहीं गोष्टी त्यांच्यापाशीं त्याला बोलवत नाहींत. त्या ऐकण्यास दुसरें कोणी तरी जवळचें माणूस लागतें.

आम्हीं या पदाचें काय केलें? नाताळास पाकीट, दहावीच्या निकालास पेढे, आणि लग्नांत पुढच्या रांगेंतली खुर्ची.

आमचा एक धर्मपुत्र डोंबिवलीस राहतो. बाप सकाळीं सातच्या आंत घराबाहेर पडणारा, आई दुपारपाळीची नोकरी करणारी. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. तिनें आमच्या या भागांतल्या घरांस भाकर दिली खरी, पण घरांतली संध्याकाळ मात्र नेली. असो. हा मुलगा अकरावीस विज्ञान शाखेंत गेला. आम्ही भेटलों कीं विचारीत असूं, ‘‘अभ्यास कसा चालला आहे? टक्के किती पडतील?’’ तो म्हणे, ‘‘चांगला चालला आहे.’’ एवढ्यावर आमचें कर्तव्य संपे.

पुढें एके दिवशीं कामानिमित्त आम्ही ठाण्यास उतरलों होतों. भर अकरा वाजतां मासुंदा तलावाच्या काठीं तो एकटाच बसलेला दिसला. पाठीवर कॉलेजची पिशवी, डबा उघडलेला. चार महिने तो रोज वेळेवर घरून निघत होता, लोकलनें ठाण्यास येत होता आणि संध्याकाळीं वेळेवर परत जात होता. गणित त्याला झेपलें नव्हतें. पहिल्या परीक्षेनंतर तो वर्गांत गेलाच नव्हता. आम्ही रागानेंच विचारलें, ‘‘अरे, निदान मला तरी सांगायचें होतेंस!’’ तो खालीं पाहून म्हणाला, ‘‘अंकल, तुम्ही टक्के विचारलेत. टक्के नव्हतेच, तर काय सांगूं?’’

त्या दिवशीं आम्हीं त्याला उपदेश केला नाहीं. शहाणपणानें नव्हे, सुचलाच नाहीं म्हणून. तलावाला दोन फेरे घातले. दुसऱ्या फेऱ्याला तो आपण होऊन बोलूं लागला, आणि असें कळलें कीं त्याला विजेच्या कामाची लहानपणापासून आवड होती, व घरीं तें सांगण्याची सोय नव्हती. आईबापांपाशीं तो स्वतःच बोलला; आम्ही केवळ शेजारीं बसलों होतों. बाप दोन दिवस जेवला नाहीं. पुढील वर्षीं मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्री होण्यास गेला. सगळें सुरळीत झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. बापाच्या मनांतली सल अजून आहे.

या प्रसंगानंतर संत गोन्सालो गार्सियाचें चरित्र आम्हांस निराळें दिसूं लागलें. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईंत त्यांचा जन्म झाला. ती वसई २०१४ पर्यंत आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होती. येशूसंघीयांच्या शाळेंत ते वाढले, आणि फादर सेबस्तियन गोन्साल्विस यांच्याबरोबर सुमारें पंधराव्या वर्षीं जपानास गेले. तेथें ते जपानी बोलूं लागले, धर्मशिक्षकाचें काम करूं लागले. परंतु येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा सफळ झाली नाहीं. मग ते व्यापारांत पडले. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांना बंधु म्हणून स्वीकारलें, आणि १५९३ सालीं पीटर बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी होऊन ते पुन्हा जपानास गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस त्यांना क्रूसावर मरण आलें. १८६२ सालीं ते संतपदास चढले.

आपण हुतात्म्याची गोष्ट सांगतांना शेवट तेवढा सांगतों. मधला नकार आणि ते व्यापाराचे दिवस एका वाक्यांत गुंडाळतों. पण कॉलेजांतून मागें फिरलेल्या मुलाला संतांच्या चरित्रांत स्वतःची ओळख पटेल, तर ती त्या मधल्या पानांवरच. शिवाय पुढें उपयोगी पडली ती त्या कोंवळ्या वयांत मिळवलेली जपानी भाषाच. नकारानें ती वांया गेली नव्हती.

आतां कामाचें बोलूं. मुलांशीं समोरासमोर खुर्च्या मांडून बोलूं नये. तें चौकशीसारखें होतें. चालतांना, सायकल दुरुस्त करतांना, मांडवाला दिवे लावतांना तीं अधिक बोलतात. प्रश्न विचारल्यावर थोडें थांबावें. आम्हां मोठ्यांस ही शांतता सोसत नाहीं, आणि उत्तर येण्याच्या आंत आम्ही स्वतःच्या तरुणपणाची गोष्ट सुरू करतों! मोबाईल हातांतून काढून घेण्याआधीं त्यांत काय पाहतोस, हें कुतूहलानें विचारून पाहावें. कांहीं व्यवहारही शिकवावे. अठरावें वर्ष लागण्यापूर्वीं बँकेंत खातें कसें चालवावें, दवाखान्यांत आपला आजार आपल्या तोंडानें कसा सांगावा, मित्रांना ‘नाहीं’ कसें म्हणावें, हें कोणी तरी शिकवणें जरूर आहे. पूर्वीं मताधिकार २१ व्या वर्षीं मिळे. ६१ व्या घटनादुरुस्तीमुळें १९८९ पासून तो १८ व्या वर्षीं मिळतो. सरकारनें तीन वर्षें कमी केलीं, पण घरांत आम्हीं मुलांना तितक्या लवकर मोठें धरलें नाहीं.

एक गोष्ट कठोरपणें सांगणें प्राप्त आहे. लहानांचा विश्वास संपादून त्याचा घात करणारेही जगांत आहेत, आणि धर्मसंस्थांनाही त्याचा डाग लागलेला आहे. म्हणून भेट आईबापांस ठाऊक असावी आणि चारचौघांच्या नजरेसमोर व्हावी. ‘‘कोणाला सांगणार नाहीं’’ असें सरसकट वचन देऊं नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळल्यास २०१२ च्या कायद्याप्रमाणें तें पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे, आणि मुलाला तें आधींच समजावून सांगावें. जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार तो बोलला, तर आपल्या शहाणपणावर विसंबूं नये; आईबापांस व डॉक्टरांस गांठावें. १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्याची दूरध्वनि-सेवा अहोरात्र चालू असते.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत आपलीं नांवें आहेत. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही ती वही घेऊन व्हरांड्यांत बसणार आहों. ज्यांचीं धर्ममुलें आज तेरा ते अठरा वर्षांचीं आहेत, त्यांनीं येऊन आपलें नांव पाहून जावें, आणि त्याच आठवड्यांत त्या घरीं जावें. जातांना पाकीट नेऊं नये.